रद्द केलेलं बोलावणं

वाडी नाक्याच्या सिग्नलला अपेक्षाने स्कूटीच्या आरशात पाहिलं, तर मागे थांबलेल्या एसटीतून तिचे बाबा उतरत होते. पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी, आणि उतरल्यावर लगेच न चालता आधी दोन्हीकडच्या ट्रककडे रागाने पाहून घ्यायची ती सवय. आरसा तळहाताएवढा, त्यातही धुळीने माखलेला. सिग्नल सुटला, मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला आणि तिला पुढे जावंच लागलं. मान वळवून पाहायची सोय नव्हती, कारण डाव्या बाजूने गोदामातून निघालेला टेम्पो अंगावर येत होता. दुभाजक संपेपर्यंत वळता येणार नव्हतं. पण दुभाजक संपला तेव्हाही ती वळली नाही. बाबा नसतीलच ते. टोपीवाली म्हातारी माणसं अमरावती रोडला रोज उतरतात, कोणी दवाखान्यासाठी, कोणी लेकाकडे, कोणी नुसतंच कंटाळून. असं मनाशी म्हणत ती ऑफिसच्या गेटपर्यंत आली, आणि गाडी स्टँडवर लावल्या लावल्या तिने पर्समधून मोबाईल काढला.

बाबा येणार नव्हते. म्हणजे येणार होते, तिनेच काल दिवेलागणीला गच्चीवरचे कपडे काढता काढता आईला फोन करून बोलावलं होतं. आणि आज सकाळी न्हाणीचं दार लावून, नळ सोडून, तिनेच आईला सांगितलं होतं, राहू दे, नको पाठवू. कालही आई फक्त बरं म्हणाली होती आणि आजही. आईला, रुखमाबाईला, फोनवर जास्त बोलता येत नाही, समोर माणूस असला तर मात्र तोंडाचा पट्टा सुरू होतो. काल अपेक्षाने सांगितलं, बाबाले पाठव, मले घेऊन जा म्हणा, तेव्हा ते बरं यायला वेळ लागला होता. मागे कुत्रं भुंकत होतं तेवढं ऐकू येत होतं. आईला काय वाटलं असेल ते अपेक्षाला न सांगता कळत होतं. संक्रांत होऊन गेली होती, होळीला वेळ होता. सणावाराला बाप किंवा भाऊ लेकीला घ्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, त्याचं कौतुक होतं, शेजारपाजारचे विचारतात, किती दिवस नेणार? पण सण नसताना मुऱ्हाळी दारात उभा राहिला तर कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना कळतं. तिकडे गावात कळतं, इकडे कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत सासू-सासऱ्यांना कळतं, आणि एकदा कळलं की ते परत घेता येत नाही. म्हणूनच तिला बाबा हवे होते. तसं कारंजा घाडग्याची गाडी तिच्या घराजवळच्या नाक्यावरूनच जाते, हात केला की थांबते, बायकांना अर्धं तिकीट लागतं. इंजिनीयर झालेली, कमावती बाई कधीही बसून जाऊ शकते. पण तिला पळून जायचं नव्हतं. कोणीतरी येऊन, पाणी पिऊन, नवऱ्याच्या, रोहितच्या समोर बसून, हिला नेतो म्हणावं, असं तिला वाटत होतं. एवढं एकच.

तिने बाबांचा नंबर लावला. बंद. गाडीत बसले की ते मोबाईल बंदच करतात, बॅटरी खर्च होते म्हणून. आईचा लावला, वाजत राहिला. आई हरभरा सोंगायला गेली असणार, आणि तिचा मोबाईल देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर चार्जिंगला. शेजारच्या काकूंना लावता आला असता, पण मग काकूंनी विचारलं असतं, काहून वं, काय झालं? संध्याकाळपर्यंत अख्खं गाव पारावर बसलं असतं. तिने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि जिना चढली. सकाळी सातला नको म्हटलं. कारंज्याची पहिली गाडी त्याआधीच सुटते. बाबा पहिल्या गाडीचे माणूस. गावातून फाट्यापर्यंत चालत यायचं तर ते अंधारातच निघाले असतील. म्हणजे तिचं नको घरी पोचलं तेव्हा बाबा रस्त्यात होते, आणि आई बरं म्हणाली, कारण आईला तरी दुसरं काय म्हणता येणार होतं.

ऑफिसमध्ये केयूर सर तिचीच वाट पाहत होते. धंतोलीतल्या जुन्या घरचा, आवाज न चढवणारा, पण चिडला की चष्मा पुसत बसणारा माणूस. आज चष्मा पुसणं चालू होतं. त्यांची कंपनी ट्रकमध्ये बसवलेल्या यंत्रांशी बोलणारा प्रोग्राम लिहिते. इथून विचारायचं, कुठे आहेस, मागच्या थंड डब्यात किती अंश आहेत. ट्रकमधलं यंत्र मोबाईलच्या नेटवर्कवरून उत्तर देतं. मग ते उत्तर मालकाच्या पडद्यावर दिसतं. काल एका मालकाचा द्राक्षांचा ट्रक रायपूरच्या रस्त्याला असताना पडद्यावर मात्र कोंढाळीत, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला दिसला. मालकाने ड्रायव्हरला फोनवर नको ते बोलून घेतलं. ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला लावून नोकरी सोडतो म्हणून सांगितलं. आता दोघांचीही समजूत काढायची होती, आणि ती प्रोग्रामला काढता येत नाही, असं केयूर सर म्हणाले. त्यांनी विनोद केला होता. ती हसली नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

चूक कुठे आहे हे तिला पडदा उघडायच्या आधीच माहीत होतं. प्रश्न पाठवायच्या आधी इकडे एक रिकामी जागा धरून ठेवावी लागते, उत्तर येऊन पडायला. पंगतीत ताट मांडून ठेवतात तशी. कोंढाळीच्या घाटात नेटवर्क जातं, उत्तर येत नाही, समोर बसलेला कारकून वाट पाहून कंटाळतो आणि रद्दचं बटण दाबतो. तिच्या आधी इथे काम केलेल्या कोणीतरी लिहून ठेवलं होतं की रद्द दाबलं की ताट उचलायचं आणि पुढच्या गाडीला द्यायचं. पण घाटातल्या ट्रकला थोडंच माहीत असतं की आपल्याला विचारलेला प्रश्न मागे घेतला आहे. नेटवर्क आल्यावर तो इमानदारीने उत्तर देतो आणि ते दुसऱ्याच्या ताटात पडतं. रद्द करणं हीसुद्धा एक विनंतीच असते. तिलाही रस्ता कापावा लागतो, तिलाही उशीर होतो. ती वेळेवर पोचली तर काम सुरूच होत नाही. उशिरा पोचली तर काम होऊन गेलेलं असतं आणि रद्द करायला काही उरलेलं नसतं. आणि कधी ती मध्येच कुठेतरी गाठते, तेव्हा अर्धं झालेलं असतं आणि अर्धं नाही, ते सगळ्यात वाईट. म्हणून रद्द म्हटल्यावरही ताट तसंच ठेवायचं, पहिल्या प्रश्नाचं काय झालं ते कळेपर्यंत. हे तिने नव्या लोकांना कितीदा शिकवलं होतं. शिकवताना बोर्डावर बाण काढायची, एक जाणारा, एक मागून जाणारा, आणि म्हणायची, तुम्ही नको म्हटलंत म्हणून समोरच्याने ऐकलं असं धरून चालू नका.

घरचं सगळं ऑफिसच्या शब्दांत मांडायची ही सवय तिला स्वतःलाच आवडत नव्हती. रोहितला तर मुळीच नाही. लग्नानंतर एकदा ती सहज म्हणाली होती, तुझा टाइमआउट, उत्तराविना थांबायची मुदत, फार मोठा आहे, आणि तो चिडून उठून गेला होता. पण दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते. रोहित मारत नाही, पीत नाही, पगार घरी आणतो, वाडीतल्या एका गोदामात मॅनेजर आहे, तिथे सगळ्यांशी हसून बोलतो. फक्त घरात त्याला न आवडणारं काही निघालं की बोलणं बंद करतो. ताट समोर ठेवलं की जेवतो, ग्लास रिकामा झाला की स्वतः उठून भरून घेतो, फोन आला तर दारात उभा राहून मोठ्याने हसतो, आणि फोन ठेवला की पुन्हा गप्प. तिच्या माहेरी भांडणं दणक्यात होत, भांडी आपटत, बाबा रागाने वावरात निघून जात आणि संध्याकाळी कोणीतरी जेवायला बोलवायचं की संपलं. अबोल्याशी कसं भांडायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती रडली, दुसऱ्या वर्षी ती ओरडली. आता ती थकली होती आणि थकलेल्या माणसाला एकच करता येतं, आपलं म्हणणं मागे घेणं.

म्हणणं साधं होतं. मूल होत नव्हतं. धंतोलीतल्या एका डॉक्टरीण बाईंकडे तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. बाई फाईल मिटत म्हणाल्या, आता मिस्टरांची एक करून घेऊ, साधी असते. तिने ते रोहितला जेवताना सांगितलं आणि त्या दिवसापासून तो बोलायचा थांबला. मग तिने ती तारीख रद्द केली आणि तो बोलायला लागला. पुढे दोनदा तिने पुन्हा वेळ घेतली, दोन्ही वेळा हेच झालं. दवाखान्यात नाव नोंदवताना मोबाईल नंबर रोहितचा दिला होता, नवऱ्याचाच द्यायचा असतो म्हणून. त्यामुळे वेळ घेतली तरी मेसेज त्याला जायचा आणि रद्द केली तरी त्यालाच. आज सकाळी तिने अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे पुरते उघडायच्या आधी, सवयीने मोबाईलवर यावेळच्या तारखेचंही रद्द दाबलं. बाहेरच्या खोलीत त्याचा मोबाईल वाजला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी, अगदी नेहमीसारखा. "चहा मांडला का वं?" आणि तिला काय झालं कोण जाणे, तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा तिला आता ऑफिसातल्या खुर्चीत बसून इतका राग येत होता की कीबोर्डवर बोटं चुकत होती. चार शब्दांच्या त्या चहासाठी तिने न्हाणीत जाऊन आईला नको म्हटलं होतं.

पहिल्या दिवाळीला बाबा कोराडीला आले होते. तेव्हा ती दोघं सासू-सासऱ्यांकडे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत. बाबांनी नवं धोतर नेसलं होतं, ते रस्त्यावरच्या कोळशाच्या धुळीने खाली काळं झालं होतं, आणि ते सारखं एका पायाने दुसऱ्या पायावरचं झटकत होते. सासूबाई, सत्यवतीबाई, खूप बोलल्या. बाबा तुरीबद्दल बोलले, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलले, इथल्या चिमण्या गावच्या चिमण्यांपेक्षा बारीक आहेत म्हणाले. कशाला आलो ते शब्दाने बोलले नाहीत. जेवणं झाली, सुपारी झाली, आणि मग एकदम उठून, जणू आत्ताच सुचल्यासारखं, म्हणाले, लेकीले चार दिवस नेतो म्हणतो. सगळे हसले. तिलाही आत, स्वयंपाकघराच्या दाराशी, हसू आलं आणि पाठोपाठ रडू. आपल्याला कोणीतरी मागून घेतंय, तेही एवढ्या आडवळणाने, एवढ्या मानाने, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. गाडीत बाबा तिच्या शेजारी बसले नाहीत, खिडकी तिला देऊन पुढच्या सीटवर बसले आणि दर स्टॉपला मागे वळून पाहत राहिले.

आणि आत्या. बाबांची मोठी बहीण. अपेक्षा शाळेत होती तेव्हा एका दुपारी आत्या एकटीच आली, चप्पल हातात घेऊन, फाट्यापासून चालत. कोणी घ्यायला गेलं नव्हतं. आजीने तिला जेवू घातलं, डोक्याला तेल लावलं, कोणी काही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीने आजोबा तिला परत पोचवून आले. आली तशी नेली. घरात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही, आत्या पुढे सणाला येत राहिली, हसत राहिली, अजूनही हसते, अपेक्षाच्या लग्नात सगळ्यात जास्त तीच नाचली. पण त्या संध्याकाळी बाबा गोठ्यात बसून होते आणि आजीने हाका मारल्या तरी बाहेर आले नव्हते. त्यांच्या मनात काय होतं ते अपेक्षाला माहीत नाही. एवढं माहीत आहे की लग्न ठरल्यावर त्यांनी तिला एकच सांगितलं होतं, एकटी येऊ नको, मले सांग.

दुपारपर्यंत तिने आईला इतके फोन केले की शेवटी मोजायचं सोडून दिलं. मध्ये रोहितचा मेसेज आला, गोदामातल्या कोणीतरी शेतातली वांगी आणून दिली आहेत, संध्याकाळी भरीत कर. खाली हसणारा चेहरा. हा त्याचा माफी देण्याचा प्रकार. माफी कशाची, ते विचारायचं नाही. केयूर सर पुन्हा येऊन बसले आणि म्हणाले की मालकांना रद्द दाबल्याबरोबर पडद्यावर रद्द झालं असं दिसलं पाहिजे, वाट पाहायला लावलं की लोक चिडतात. तिने सांगितलं, मग ते खोटं असेल. सर म्हणाले, अगं, रद्द केल्यावर कोणाला उत्तराशी काय करायचंय? तिच्या आधी तो प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाने आणखी एक करून ठेवलं होतं, वाटेत काहीही बिघडलं, जोडणी तुटली, यंत्र बंद पडलं, उत्तर अर्धवट आलं, तरी वर सगळं ठीक आहे असं कळवायचं. ते ठीक तिने सकाळपासून एकेक करून उपटायला घेतलं होतं आणि उपटलं की खालून भलतंच काही निघत होतं. तिलाही चार वर्षं हेच येत होतं. आईने विचारायचं, बरी आहे ना? तिने म्हणायचं, बरी आहे. ती सरांना म्हणाली, "ज्याने विचारलं त्याने वाट पाहायलाच पाहिजे सर. नको म्हटलं तरी." तिचा आवाज जरा जास्तच मोठा झाला असावा, कारण सरांनी चष्मा डोळ्यांवर लावून तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, घरी जाते. कारण तिला एकाएकी दिसलं होतं की बाबा घराच्या पायऱ्यांवर बसले आहेत, सकाळपासून, दाराला कुलूप आहे, आणि ते कोणाकडे पाणी मागणार नाहीत.

पायऱ्यांवर कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई पापड वाळवत होत्या. कोणी आलं होतं का, असं अपेक्षाने विचारलं. गॅसवाला तेवढा आला होता, त्या म्हणाल्या. म्हणजे ते बाबा नव्हतेच. किंवा बाबा होते आणि चौकशी करत कुठेतरी दुसरीकडे गेले. पण तिला माहीत होतं की ते नव्हते. तिने कुलूप उघडलं, पंखा लावला आणि खुर्चीत बसली. वाटायला हवं होतं की सुटलो. सकाळी सांगितलेलं वेळेवर पोचलं, बाबा निघालेच नाहीत, कोणाला काही कळलं नाही, आता वांगी भाजायची. पण तसं काही वाटेना. सकाळपासून ती भीत होती असं ती समजत होती. बाबा येतील, तमाशा होईल, म्हणून. आता तिला स्वच्छ कळलं की ती भीत नव्हती, ती वाट पाहत होती. आरशातल्या त्या टोपीवाल्या माणसाला तिने ओळखलं नव्हतं, तिने तो तयार केला होता. नको म्हणून झाल्यावरही तिने स्वतःचं बोलावणं मागे घेतलंच नव्हतं. तिने कपाटातून बॅग काढली. चार ड्रेस, दवाखान्याची फाईल, चार्जर. कशासाठी भरतोय हे न ठरवताच तिने चेन लावली आणि बॅग घेऊन पायी नाक्यावर आली.

नाक्यावर ऊन तिरपं झालं होतं. ट्रकांच्या धुरात आणि रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात ती अमरावतीकडून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला उभी राहिली. खरं तर जायचं होतं तर पलीकडे उभं राहायला हवं होतं. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, कोणी टोपीवालं, कोणी बिनटोपीचं, एका म्हातारीने तिलाच विचारलं, धंतोलीले कोणता ऑटो जाते वं बाई? तिने बोटाने दाखवलं. एक रिकामा ऑटोवाला दोनदा विचारून गेला. तिला पाय दुखल्याचं कळत होतं, भूक लागल्याचं कळत होतं, पण ते दुसऱ्या कोणाचं असावं तसं. रोहित आता गोदाम बंद करून निघाला असेल, वांग्यांची पिशवी स्कूटरला अडकवून, याच नाक्यावरून जाईल. तेव्हा फोन वाजला. आईचा होता.

आई घाबरली होती. एवढे फोन काहून केले, जावई बरे आहेत ना, तू बरी आहेस ना, मी वावरात होती, आत्ता येऊन पाह्यलं. अपेक्षाने तिला मध्येच थांबवून विचारलं, बाबा निघाले होते का? आईने विचारलं, कुठं? मले घ्याले, असं अपेक्षा म्हणाली. तिला वाटलं नेटवर्क गेलं. पण कुत्रं भुंकत होतं.

"त्याईले मी सांगतलंच नाही बाई," आई म्हणाली.

"काहून?"

"तू सकाळी नको म्हणशीन, मले माहीत होतं." आई हळू बोलत होती, बाबांना ऐकू जाऊ नये अशी. "पोळ्याच्या आंधी तू असाच फोन केला होता. तवा मी सांगतलं त्याईले. अंधारात उठून दाढी केली त्यायनं, धोतर नेसून बसले. मंग तुया फोन आला, नको म्हणून. दिवसभर तसेच ओट्यावर बसून राह्यले. धोतर सोडलं नाही. जेवले नाही. तवापासून मी सांगतच नाही. मागच्या खेपीलेबी नाही सांगतलं."

अपेक्षाच्या बाजूने एक एसटी येऊन थांबली, दार आपटलं, लोक तिला धक्के देत चढले-उतरले, आणि ती बाजूला झाली नाही. पोळ्याच्या आधी. तेव्हा तिने नको म्हटलं होतं आणि फोन ठेवून कणीक मळायला घेतली होती. तिच्या लेखी ते तिथेच संपलं होतं. तिकडे एक माणूस दिवसभर दाढी करून बसला होता. आणि त्यानंतर तिने जे जे बोलावलं ते आईच्या पोटातच राहिलं, कोणी उठलं नाही, कोणी निघालं नाही. आज दिवसभर ती ज्याची वाट पाहत होती ते कोणी पाठवलंच नव्हतं. तिला आईचा राग आला नाही. तिला इतकी लाज वाटली आणि बाबांची इतकी आठवण आली की भर नाक्यावर, रसवंतीवाल्यासमोर, ती रडायला लागली आणि तिने डोळेही पुसले नाहीत.

"आई," ती म्हणाली, "बाबाले फोन दे."

आई म्हणाली, ते आत्ताच वावरातून आलेत, हातपाय धुऊन राहिले. तुलेच सकाळी अजून नको वाटलं तं? राहू दे, उद्या बोल. अपेक्षाने पुन्हा तेच म्हटलं, फोन दे. मग चपलांचा आवाज, मोरीत पाणी पडल्याचा आवाज, आईचं काहीतरी कुजबुजणं, फोन ओल्या हातात गेल्याचा चरचर आवाज. बाबा फोनवर नेहमी ओरडून बोलतात, आज हळू बोलले.

"काय वं बाई?"

"बाबा, मले घ्याले या."

"सणाले?"

"नाही. असंच."

तिने घाई केली नाही. रस्त्यापलीकडून गाड्या जात होत्या. मग त्यांनी विचारलं, "जावई घरी कवा सापडते, ते सांग. त्याईच्या देखतच तुले नेतो."

सकाळी, डबा घेऊन निघायच्या आधी, असं तिने सांगितलं. पहिली गाडी धरली तर बरोबर सापडतील. बाबा हो म्हणाले, पहिलीच धरतो म्हणाले, बॅग भरून ठेव म्हणाले. तिने सांगितलं की भरली आहे. तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं, ते पोळ्याच्या आधीचं, पण ते फोनवर बोलायचं नव्हतं. बाबाही फोन ठेवत नव्हते.

"मोबाईल मी घरीच ठेवून येतो," शेवटी ते म्हणाले.